पिवळ्या काठ्या

दुकानात शिरलं की डाव्या हाताच्या कोपऱ्यात त्या काठ्या उभ्या असायच्या. मासे धरायच्या काठ्या. फायबरच्या, अखंड, माणसाच्या दुप्पट उंचीच्या आणि अशा पिवळ्याधमक, की कावीळ झालेल्या माणसानेही त्यांच्याकडे पाहून हळहळावं. नव्या कार्बनच्या काठ्या एका बोटावर तोलता येतात, तुकडे सुटे करून पिशवीत मावतात. ही पिवळी काठी बसमध्ये न्यायची म्हटलं तर टोक खिडकीबाहेर आणि मूठ कंडक्टरच्या कानात. तेव्हा त्या विकल्या जात नव्हत्या, यात नवल काही नव्हतं. दुकानाच्या धाकट्या मालकाच्या मुलीचं शाळेत नाव घातलं त्या सुमारास हा माल आला. आता त्या मुलीची मुलगी शाळेत जात होती आणि माल होता तिथेच होता.

दुकान दोन भावांचं. गळ, शिसं, गळाला बांधायचा नायलॉनचा तंगूस, रिळं, आमिषाच्या डब्या, जाळीच्या पिशव्या, असा सगळा संसार. तळ्याकडे जाणाऱ्या उतारावर, चष्म्याच्या दुकानाला लागून. थोरल्याला सगळा बाजार दादा म्हणायचा आणि धाकट्याला धाकटा. हा धाकटा साठी ओलांडून पुढे गेलेला, आजोबा झालेला, एका गुडघ्याला पट्टा बांधून फिरणारा. पण आपल्याकडे धाकटा एकदा धाकटा ठरला की ठरला.

दादा दाराशी स्टुलावर बसायचा. गिऱ्हाईक आलं, की कार्बनची काठी दाखवायचं काम धाकट्याचं. त्या गिऱ्हाइकाने पाकिटाला हात घातला रे घातला, की दादा स्टुलावरून म्हणायचा, "एकदा ती पिवळी बघा की. दणकट आहे. तुमच्या नातवाला पुरेल." गिऱ्हाईक मानेनेच नको म्हणायचं. दादा उठून पिवळी काठी त्याच्या हातात द्यायचाच. मग गिऱ्हाइकाला अचानक बस आठवायची.

धाकटा ओठ मिटून गप्प राहायचा. दादाने हौसेने घेतलेला माल, त्याच्या तोंडावर कसं म्हणायचं की बाबा, चुकलास? वडील गेले तेव्हा शाळा सोडून दुकानात उभा राहिला तो दादा. धाकट्याची फी भरली दादाने, त्याचं लग्न लावून दिलं दादाने, आणि वहिनी गेली तेव्हाही आपलं दुःख झाकून धाकट्याच्या पोरांना खेळवलं ते दादानेच. अशा माणसाने आयुष्यात एकदा पिवळा माल उचलला, तर उचलू दे. दर शनिवारी धाकटा तेलाचं फडकं घेऊन एकेक काठी पुसायचा, तंगूस ओवायच्या कड्यांमधली धूळ काडीने काढायचा. एकदा एका पोरगेल्या गिऱ्हाइकाने विचारलं होतं, "काका, याने मासा धरायचा की छपरावर अडकलेला चेंडू काढायचा?" तेव्हा धाकट्याने त्याला शांतपणे सांगितलं, "समोरच्या दुकानात बघा." समोर दुकान नव्हतंच, भिंत होती.

आता मात्र त्या काठ्यांचं काहीतरी करणं भाग होतं, कारण दुकानच जाणार होतं.

झालं होतं असं. शेजारच्या चष्मेवाल्याला जागा वाढवायची होती. तो धाकट्याला बाजूला घेऊन म्हणाला, "दादांच्या कानावर घातलंय. त्यांची काही ना नाही. म्हणाले, धाकट्याला विचार." धाकट्याने विचार केला, दादा थकला असेल. सत्तरीचा माणूस, सकाळी शटर उचलताना त्याच्या तोंडून 'आई गं' निघतं. विश्रांती हवी असेल, आणि माझ्या भिडेपोटी बोलत नसेल. तेव्हा धाकटा म्हणाला, "दादाला चालत असेल तर माझं काय?" झालं. तोंडी ठरलं. महिनाअखेरीला जागा द्यायची.

खरं सांगायचं तर धाकट्याला दुकान सोडायचं नव्हतं. मुळीच नव्हतं. रबर, तेल आणि वाळक्या आमिषाचा तो वास इतरांना नाकाला रुमाल लावायला लावायचा, धाकट्याला त्याशिवाय श्वास घेतल्यासारखं वाटत नसे. दुपारी गिऱ्हाईक नसताना दोघा भावांनी समोरासमोर बसून तंगुसाचा गुंता सोडवायचा, तासभर एक अक्षर बोलायचं नाही, आणि तो तास भरलेला वाटायचा, हे घरी कुठल्या खुर्चीत बसून मिळणार होतं? घरी दोघांनी करायचं काय? पण दादाला आराम मिळतोय म्हटल्यावर त्याने हे सगळं गिळून टाकलं, आणि ढेकरही दिला नाही.

बाकीचा माल दुसऱ्या गावचा एक दुकानदार घेणार होता. पिवळ्या काठ्या बघून तो नुसता हसला होता. त्याच आठवड्यात रोपवाटिका चालवणारी एक बाई वेल बांधायला तंगूस घ्यायला आली. रिळाकडे बघता बघता तिची नजर कोपऱ्यात गेली.

"काका, या कसल्या काठ्या?"

"गळाच्या. जुन्या आहेत."

बाईने एक काठी वाकवून पाहिली, सोडली, पुन्हा वाकवली. कड्यांमधून बोट फिरवलं. "कुजायच्या नाहीत, वाकतील पण मोडायच्या नाहीत. आणि या कड्या! काकडीचा वेल आपोआप धरून चढेल हो. मला सगळ्या द्या."

धाकट्याला आनंदाने उडी मारावीशी वाटली, आणि पाठोपाठ दादा आठवला. दादाच्या हौसेच्या काठ्यांवर काकड्या! त्याने बाहेर पाहिलं. दादा कोपऱ्यावर वर्तमानपत्र आणायला गेला होता. तो हळूच म्हणाला, "मंगळवारी दुपारी या. दादा दाढीला जातो तेव्हा. त्याला कळलं तर जिवाला लागेल. मागाहून मी सांगेन, एका मोठ्या शौकिनाने नेल्या म्हणून."

बाईला हे फारसं पटलेलं दिसलं नाही, पण ती बरं म्हणाली.

मंगळवारी ती छोटा टेम्पो घेऊन आली. दोघांनी काठ्या कोपऱ्यातून काढून फळीला टेकवल्या, बाईने एक हातात घेतली, आणि दारात दादा उभा. दाढी तशीच.

"न्हावी लग्नाला गेलाय," दादा म्हणाला. मग आत येत त्याने बाईच्या हातातली काठी पाहिली. "ताई, काठी बघताय?"

धाकट्याने बाईच्या समोर, दादाच्या पाठीमागे उभं राहून डोळ्यांनी, भुवयांनी आणि शेवटी हातातल्या फडक्याने खुणा केल्या.

"हो काका," बाई म्हणाली.

"मासा कुठला धरायचाय?"

बाई जरा अडखळली. "असतो तो... वर चढणारा."

"पाण्याच्या उलटा चढणारा!" दादा खूश झाला. "त्याला हीच काठी हवी. चला, ओढ बघू."

आता ओढ बघणं ही या दुकानाची जुनी रीत. वडिलांपासूनची. ओढ बघितल्याशिवाय कुठलीही काठी उंबऱ्याबाहेर जायची नाही. काठीला तंगूस ओवायचा, गिऱ्हाइकाने दारात डोळे मिटून मूठ धरायची, आणि दादा दुसरं टोक घेऊन समोरच्या दिव्याच्या खांबापर्यंत जायचा. तिथून तो मासा व्हायचा. कधी नुसतं हुंगायचा, कधी झटका द्यायचा, कधी ओढत न्यायचा. गिऱ्हाइकाने 'आता' म्हणायचं. जिची ओढ बोटांत कळते ती काठी तुमची, एरवी दुसरी घ्या. दुकानात हलवून बघितलेली काठी आणि पाण्यातली काठी यांत, दादाच्या मते, बघायला आलेला नवरा आणि लग्नानंतरचा नवरा एवढा फरक असतो.

बाईने डोळे मिटले. दादा टोक घेऊन खांबापाशी गेला. रस्त्यावरचा एक सायकलवाला सवयीने तंगुसाखालून वाकून गेला.

"आता," बाई म्हणाली. मग, "आता. अय्या, आता!" तिने डोळे उघडले. "काका, हे तर कोपरापर्यंत येतं!"

"मिटा, मिटा डोळे."

बाईचा दिवस रोपांच्या पिशव्या उचलण्यात, नळीने पाणी मारण्यात आणि मजुरांवर ओरडण्यात जायचा. भर दुपारी रस्त्यात डोळे मिटून उभं राहायची वेळ तिच्यावर आजवर आली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. धाकटा मात्र दादाकडे बघत होता, कारण दादाचं वागणं त्याला जरा चमत्कारिक वाटलं. प्रत्येक झटक्यानंतर दादा बाईकडे बघतच नव्हता. तो धाकट्याकडे बघत होता, निकाल लागायच्या दिवशी पोराच्या बापाने बघावं तसा.

दादा परत आला, तंगूस गुंडाळत म्हणाला, "मग ही देऊ बांधून?"

"सगळ्या द्या."

"सगळ्या? तळं उपसताय की काय?"

बाईने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने फडकं गळ्याशी धरलं होतं. तिने काठी फळीला टेकवली. "काका, मला मेलीला खोटं पचत नाही. मासे नाहीत. काकड्या आहेत. घेवडा आहे. माझी रोपवाटिका आहे, मला या काठ्या वेल चढवायला हव्यात."

धाकट्याने डोळे मिटून घेतले, जणू आता ओढ त्यालाच कळायची होती. दादा वळला आणि धाकट्याला म्हणाला, "तुला चालेल?"

"मला?"

"म्हणजे काठ्यांवर काकड्या. तुला वाईट नाही ना वाटणार?"

"मला कशाला वाईट वाटेल?" धाकटा म्हणाला. "वाईट वाटायचं ते तुला."

"मला? मला का?"

बाई कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे बघत होती. शेवटी तिने विचारलं, "अहो, या काठ्या घेतल्या तरी कोणी होत्या?"

दोघांनी एकाच वेळी बोट दाखवलं. दादाने धाकट्याकडे आणि धाकट्याने दादाकडे.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या वर्षी एक फिरता विक्रेता आला होता, चकचकीत बुटांचा. पहिल्यांदा तो दुकानात दादाला भेटला. दादाला तो पिवळा रंग बघूनच मळमळलं, पण एवढ्या लांबून आलेल्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून तो म्हणाला, "धाकट्याला विचारा." विक्रेता घरी गेला आणि धाकट्याला म्हणाला, "दादांनी बघितल्यात. ते तुमच्यावर सोडतायत." धाकट्याला वाटलं, दादाला आवडल्यात, फक्त माझा मान राखतोय. तो म्हणाला, "दादाला पसंत असेल तर घ्या." विक्रेता परत दादाकडे. "धाकटे म्हणतात, घ्या." दादाला वाटलं, पोराने पहिल्यांदाच काहीतरी आपणहून निवडलंय, आपण खो कशाला घाला? आणि त्याने मोठी मागणी दिली. लहान दिली असती तर धाकट्याच्या निवडीवर विश्वास नाही असं दिसलं असतं!

विक्रेता बिचारा एक अक्षर खोटं बोलला नव्हता. या दोघांना फसवायला तिसऱ्याने खोटं बोलायची गरजच नव्हती.

"दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ हे ऐकलं होतं," बाई म्हणाली. "दोघांच्या मायेत तिसऱ्याचा लाभ आजच बघितला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय उगाच?"

आधी दादा हसला. मग धाकटा. दादा इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि धाकट्याने त्याच्या पाठीवर थोपटता थोपटता स्वतःचे डोळे पुसले.

"म्हणजे तुला त्या कधी आवडल्याच नाहीत?" दादाने विचारलं.

"बघवत नाहीत मला."

"मग दर शनिवारी तेल लावून पुसतोस त्या?"

"तुझ्या म्हणून पुसायचो."

दादाने मान हलवली. "आणि मी येईल त्याच्या गळ्यात मारायला बघायचो. तुझा शब्द खाली पडू नये म्हणून. ते गणिताचे मास्तर आठवतात? वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक. त्यांना मी एवढा आग्रह केला, एवढा केला, की ते परत या रस्त्याने आलेच नाहीत. मला त्यांचं यायला आवडायचं रे." हे बोलताना त्याचं हसू मावळलं होतं.

धाकट्यालाही ते मास्तर आवडायचे. त्याने पहिली काठी उचलून खांद्यावर घेतली.

काठ्या टेम्पोत चढवायला तिघांना बराच वेळ लागला. दादा बाईला सूचना देत राहिला. जाड बाजू जमिनीत, टोकाला ओझं नको, आणि कड्या वाऱ्याच्या दिशेला ठेवा. माशांबद्दल जेवढ्या खात्रीने बोलायचा तेवढ्याच खात्रीने तो आता काकड्यांबद्दल बोलत होता, आणि बाईही मनापासून ऐकत होती. पैसे तिने धाकट्याच्या हातात ठेवले. मग एक काठी बाजूला काढली आणि म्हणाली, "हिला एक रीळ लावून द्या. ही वेलाला नाही."

"मग कशाला?"

"ते कोपरापर्यंत आलं ना मघाशी, ते पाण्यात कसं येतं ते बघायचंय."

दादाने तिला रीळ लावून दिलं. दुकानातलं सगळ्यात चांगलं. टेम्पो उताराने निघाला, पिवळी टोकं मागे झुलत झुलत वळणाआड गेली. त्या काठ्या एवढ्या देखण्या दिसल्याचं धाकट्याला आठवत नव्हतं.

दोघे आत आले. कोपरा रिकामा होता. भिंतीचा तेवढा पट्टा मूळच्या रंगाचा राहिला होता. दादा स्टुलावर बसला, धाकटा गल्ल्याशी. सवयीने दोघांनी तंगुसाचा एक गुंता मध्ये ओढला, आणि एकाने एक टोक, दुसऱ्याने दुसरं टोक धरून सोडवायला सुरुवात केली.

धाकट्याची बोटं चालत होती, पण मन त्या विक्रेत्यापाशी अडकलं होतं. आधी दादाकडे गेला. मग माझ्याकडे आला. दादा माझ्यावर सोडतोय म्हणाला. मी म्हटलं, दादाला पसंत असेल तर. हे बोलणं त्याला फार ओळखीचं वाटलं, आणि जुनं नाही, अगदी आत्ताचं वाटलं. बोटं थांबली.

"दादा."

"हं."

"चष्मेवाला तुझ्याकडे आला होता, तेव्हा तू त्याला नेमकं काय म्हणालास?"

दादाने गुंत्यातून मान वर केली नाही. "म्हटलं, धाकट्याला विचार. का?"

"मला तो म्हणाला, दादाची ना नाही."

"मी ना म्हटलंच नव्हतं." दादाची बोटंही आता थांबली. "मला वाटलं, तुझा गुडघा... मला तो म्हणाला, धाकटे तयार आहेत."

बाहेरून एक सायकल गेली. धाकट्याला राग आला. चष्मेवाल्याचा नाही. स्वतःचा आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा थोडासा दादाचाही आला. काठ्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या, त्यांनी काही बिघडवलं नाही. पण हे दुकान अशाच भिडेत जाणार होतं, आणि मग दोघे घरी दोन खुर्च्यांत बसून, दुसऱ्याला आराम मिळाला म्हणून समाधान मानत, एकेकटे झुरणार होते.

"दादा, तुला काय हवंय?" त्याने विचारलं. हा प्रश्न त्याने दादाला कधी विचारलाच नव्हता. दादाला काय हवं असेल, हे तो नेहमी ओळखत आला होता.

"अरे, तुला जे..."

"माझं नको सांगूस. माझं मला माहीत आहे. तुझं सांग."

दादाने गुंत्याचं टोक गुडघ्यावर ठेवलं, रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं, रिळांच्या फळीकडे पाहिलं, मग दाराकडे. मग तो उठला. चप्पल पायात सरकवली आणि धाकट्याला येतोस का म्हणून न विचारता बाहेर पडला. धाकट्याच्या लक्षात आलं, दादा कुठे निघालाय. तोही पट्टा सावरत मागोमाग गेला. दादा काय बोलणार हे त्याला माहीत नव्हतं, आणि ओळखायचा प्रयत्नही त्याने केला नाही.

चष्मेवाला काउंटरवर फुटपट्टी ठेवून नव्या आरशाची मापं काढत होता. दोघांना एकदम बघून तो उठून उभा राहिला, कारण हे दोघे एकदम कधी येत नसत. "या, या दादा. जागा कधी मोकळी होतेय मग?"

सवयीने दादाची मान धाकट्याकडे वळायला लागली. ती अर्ध्यावर थांबली.

"दुकान द्यायचं नाही," दादा म्हणाला. "मला नाही द्यायचं. तुझी पंचाईत होतेय, ते खरं. पण मला तिथेच बसायचंय."

चष्मेवाल्याने धाकट्याकडे पाहिलं. "आणि तुमचं काय म्हणणं?"

"मलाही नाही द्यायचं," धाकटा म्हणाला, आणि हे त्याने दादासाठी म्हटलं नव्हतं.